कर्जतच्या मांडवावरच्या फुलांनी मान का टाकली: आमचं उत्तर

नमस्कार ताई,

धाकट्या बहिणीच्या लग्नात आम्ही केलेल्या फुलांच्या सजावटीला ऑनलाइन तारे देताना तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत. मांडवाच्या कमानीवरची हायड्रेंजियाची फुलं मुहूर्ताआधीच कोमेजली. जेवणाच्या टेबलांवरच्या बरण्या आडव्या झाल्या आणि त्यातल्या जिप्सोला, म्हणजे बारीक पांढऱ्या फुलांना, वास येत होता. फोटोत दाखवलेलं पंपास गवत मांडवाला लावलंच नाही. आणि ‘रानातून तोडून आणल्यासारखी फुलं’ असून बिल मात्र भरमसाट. पहिल्या दोन तक्रारी खऱ्या आहेत, चूक आमची आहे. पंपासच्या बाबतीत मात्र आम्ही पुन्हा तेच करू. बिलाचा हिशेब शेवटी मांडला आहे.

आधी हायड्रेंजिया, कारण तुमचा सगळ्यात जास्त जीव त्याच फुलांवर होता. कमानीवर ४५ झुबके होते. या फुलाला पाणी भयंकर लागतं. एका झुबक्यात ढीगभर पातळ पाकळ्या असतात, त्या सगळ्यांतून पाणी उडत राहतं, आणि कापलेल्या देठातून चिकट रस येऊन पाण्याची वाट बुजते. त्यासाठी देठ तिरका कापून लगेच त्याचं टोक अर्धा इंच तुरटीच्या पुडीत बुडवतात आणि मग खोल पाण्यात उभा ठेवतात. हे आदल्या रात्री मुंबईत नीट झालं होतं. घोळ झाला तो कर्जतला पोचल्यावर.

देठ खोचायला विटेच्या आकाराचा हिरवा फोम असतो. तो पाण्यावर नुसता सोडायचा असतो. मिनिट-दोन मिनिटांत तो आपल्याच वजनाने खाली बसतो. हाताने दाबला की बाहेरून ओलागच्च दिसतो, पण आत हवा अडकून मधला भाग कोरडा राहतो आणि देठाचं टोक नेमकं तिथेच जाऊन टेकतं. नंतर वरून कितीही पाणी ओता, तो भाग भिजत नाही. पहाटेच्या घाईत काही विटा अशा दाबून भिजवल्या गेल्या. म्हणूनच डावीकडची फुलं आधी गेली, उजवीकडची तासभर जास्त टिकली.

दुसरी चूक वेळेची. कमान सकाळी ७ वाजता पुरी झाली, मुहूर्त होता १२ वाजून १७ मिनिटांचा. तोंड पूर्वेला, महिना एप्रिलचा, वर सावली नाही. दर तासाला पाण्याचा फवारा मारत होतो, पण देठातूनच पाणी चढत नसेल तर फवाऱ्याने काय होणार? आधी फक्त पाला आणि गुलाब बसवायला हवे होते. हायड्रेंजिया सावलीत बादलीतच ठेवून, साडेदहाला, प्रत्येक देठाला पाणी भरलेली छोटी नळी लावून चढवायला हवी होती. कोमेजलेला झुबका थंड पाण्यात पूर्ण बुडवून पाऊण तास ठेवला तर बहुतेक वेळा पुन्हा टवटवीत होतो. पण फुलं एकदा कमानीवर बांधली की तो उपाय हातातून जातो.

उघड्या मैदानावर, दुपारच्या मुहूर्ताला, उन्हाळ्यात हे फूल सुचवणं हीच मुळात आमची चूक होती. तोच जुना, फिकट गुलाबी-मोतिया रंग कारनेशन, शेवंती, अष्टर आणि लिमोनियममधून साधता येतो. शेवंती आणि लिमोनियम तर उन्हाला सहजासहजी हार मानत नाहीत. हे तुम्हाला बयाणा घेण्याआधी सांगायला हवं होतं.

बरण्यांचं कारण सोपं आहे. घरात फुलांची उंची बरणीच्या दीडपट चालते. वाऱ्यावर ती बरणीएवढीच ठेवावी लागते आणि तळाशी दोन बोटं वाळू किंवा गोटे घालावे लागतात. आम्ही ६० बरण्या घरातल्यासारख्या सजवल्या, त्याही गोणपाटाच्या पट्टीवर. ती पट्टी टेबलाखाली खोचलेली नव्हती, त्यामुळे वाऱ्याने उचलली गेली की बरणी तिच्याबरोबर कलंडायची. जिप्सोचा वास फुलालाच असतो. मोकळ्या जागी तो जाणवत नाही, पण पाणी शिळं झालं आणि ऊन लागलं की उग्र होतो. बरण्या रात्रीच भरून ठेवल्या होत्या, सकाळी पाणी बदललं नाही. खरं तर जेवणाच्या टेबलावर जिप्सो ठेवायलाच नको. तो प्रवेशद्वाराशी, गाडीच्या चाकाभोवती शोभतो.

आता पंपास. तुम्ही दिलेल्या फोटोत तो विधीच्या जागेच्या अगदी मागे उभा आहे, पण त्या लग्नात होम नव्हता. तुमच्याकडे होम होता, लाजाहोम होता. तूप पडलं की ज्वाळा उसळते, समिधांची ठिणगी उडते. पंपास म्हणजे वाळलेलं गवत, त्याचा पिसारा ठिणगीने पटकन पेटतो, त्यात तो झडू नये म्हणून त्यावर मारलेला हेअर स्प्रेसुद्धा पेट घेणारा. भटजी, नवरा-नवरी आणि मामा त्या कुंडापासून हातभर अंतरावर बसलेले. म्हणून ते गवत प्रवेशाच्या कमानीला लावलं, होमापासून ४० फूट लांब. पडद्याची झालरही याच कारणासाठी वर बांधली होती. हे आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, पण मांडवाचा नवा आराखडा काढून दाखवला नाही. तुमची निराशा मला समजते, पण जागा मात्र बदलणार नाही, कुणीही कितीही आग्रह केला तरी.

राहिला खर्च. झेंडूची माळ पाण्याशिवाय दिवसभर तग धरते. ती ओवली, बांधली की काम झालं. मोकळी, रानटी दिसणारी सजावट तशी नसते. तुमच्या कामात गुलाबाचे ३० बंच होते, एका बंचमध्ये २०, म्हणजे ६०० देठ. प्रत्येकाचे काटे आणि पाण्याखाली येणारी पानं काढायची, देठ पुन्हा कापायचा, पाच-सहा तास पाणी प्यायला द्यायचं. कमानीवर फोमच्या १४ विटा होत्या. भिजलेली वीट दोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे नुसता फोमच २८ किलो. तो वाऱ्यात उभा राहावा म्हणून जुन्या लाकडाच्या आत लोखंडी सांगाडा आणि मागे ताणून बांधलेले चार आधार. बिलातला मोठा भाग या मजुरीचा आणि टेम्पोचा आहे. पण कोटेशनमध्ये आम्ही ‘फुलांची सजावट’ अशी एकच ओळ लिहिली होती. त्यातून हे कुणाला कळणार? तुमचा संशय रास्त आहे. प्रत्येक खर्च वेगळ्या ओळीत लिहून सुटे केलेले बिल आज तुम्हाला पाठवले आहे.

हायड्रेंजियाची पूर्ण रक्कम आणि बरण्यांची निम्मी रक्कम सात दिवसांत परत करतो आहोत, ज्या खात्यातून बयाणा आला त्याच खात्यात. तुमचे तारे आणि तक्रार आहे तशी राहू द्या. सुट्या बिलात एखादा आकडा पटला नाही तर त्याच बिलावर खूण करून परत पाठवा. त्या ओळीची बाजारातली पावती लगेच देतो.