दुय्यम संघाचे अव्वल प्रेक्षक

मायनर लीग बेसबॉलच्या, म्हणजे मोठ्या लीगसाठी खेळाडू तयार करणाऱ्या दुय्यम लीगच्या, संघावर जीव लावायचा असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: संघ जिंकावा ही इच्छा फक्त आपली आहे. संघाला तसं वाटत असेलच असं नाही. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट या जेमतेम पाऊण लाख वस्तीच्या गिरणीगावाने हे दुखणं १९७० पासून पुढे अर्धशतक अंगावर काढलं. संघाचं नाव पॉटकेट रेड सॉक्स, लाडाने पॉसॉक्स. त्यातले रेड सॉक्स म्हणजे बॉस्टनचा मोठ्या लीगमधला संघ, आणि खेळाडूही बॉस्टनचेच. गावाचं काय, तर ‘पॉ’.

व्यवस्था अशी असते. खेळाडूंचा पगार मोठा संघ देणार, मॅनेजर आणि कोच तोच नेमणार, कोणत्या पोराने किती चेंडू टाकायचे हेही तिकडूनच ठरणार. स्थानिक मालकाच्या वाट्याला तिकिटं, हॉट डॉग, गवत, दिवे आणि पाऊस. आपला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, समोरच्यांना नाचवत असतो, सामना रंगात आलेला असतो, आणि मॅनेजर जाऊन त्याच्या हातातून चेंडू काढून घेतो. का? तर आजचा कोटा संपला. त्या खांद्याची किंमत बॉस्टनच्या वहीत लिहिलेली असते आणि आपल्या गावाच्या विजयाची कुठल्याच वहीत नसते.

बरं, एखादा पोरगा फॉर्मात आला, त्याचं आडनाव आपल्याला न अडखळता उच्चारता यायला लागलं, की बॉस्टनमध्ये कुणाचा तरी स्नायू दुखावतो. बॉस्टन तासाभरावर. दुपारी फोन, संध्याकाळी पोरगा मोठ्या मैदानात. त्याच्या जागी डबल-ए या खालच्या पायरीवरून बढती मिळालेला नवा भिडू, म्हणजे आडनावाची उजळणी पहिल्यापासून. उलट दिशेने येतात ते दुखापतीतून उठलेले नामांकित खेळाडू, चार दिवस हातपाय मोकळे करायला. त्यांच्या नावावर तिकिटं हातोहात खपतात आणि ते दोन-तीनदा बॅट फिरवून पाचव्या इनिंगला आंघोळीला निघून जातात. यात फसवणूक कुणाचीच नाही. मायनर लीग ही तालीम, प्रयोग दुसरीकडे. फक्त तालमीला तिकीट आहे.

मैदानाची कथाही तशीच. महापौर टॉमस मॅकॉय यांनी स्टेडियमसाठी जागा निवडली ती हॅमंड पाँड नावाची दलदल. भराव टाकावा आणि चिखलाने तो गिळावा, असं चालायचं. खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला, तोही त्या काळात. विरोधकांनी या कामाचं ‘मॅकॉयचा मूर्खपणा’ असं बारसंच करून टाकलं. १९४२ मध्ये स्टेडियम खुलं झालं, १९४५ मध्ये महापौर वारले आणि १९४६ मध्ये त्याला रीतसर ‘मॅकॉय स्टेडियम’ असं नाव मिळालं. विरोधकांचा अर्धा ठराव मंजूर झाला म्हणायचा.

१९७६ चा हंगाम संपेपर्यंत संघ दिवाळखोरीत गेला होता. १९७७ च्या जानेवारीत तो बेन माँडोर यांनी घेतला. हे गृहस्थ मूळचे क्वीबेकचे. बुडीत गिरण्या घ्यायच्या आणि मार्गी लावायच्या, हा त्यांचा धंदा, आणि त्यातून ते निवृत्तही झाले होते. पहिल्या वर्षी अख्ख्या हंगामात मिळून सुमारे ७० हजार माणसं आली. माँडोर यांनी काय केलं, तर तिकीट स्वस्त ठेवलं, पार्किंगला पैसे घेतले नाहीत आणि बायकापोरांना घेऊन येता येईल इतकी जागा स्वच्छ आणि सभ्य केली. पिचर कधी काढायचा हे आपल्या हातात नाही, संडास आहेत, हे ओळखणारा मालक मला तरी दुसरा माहीत नाही. २००५ साली प्रेक्षकसंख्या ६ लाख ८८ हजारांवर गेली.

मॅकॉयची खरी खासियत मात्र बांधकामातल्या एका विचित्रपणात होती. इतर मैदानांवर डगआउट, म्हणजे खेळाडूंची बसायची जागा, प्रेक्षकांच्या पुढ्यात असते. कठड्यावरून वही पुढे केली की सही मिळते. मॅकॉयला डगआउट गॅलरीच्या पोटात होते. प्रेक्षक वर, खेळाडू थेट पायाखाली. ना तो दिसणार, ना हात पोचणार. त्यावर गावाने काढलेला तोडगा म्हणजे सह्यांची मासेमारी.

तिची कृती सांगतो. दुधाचा एक गॅलनचा, मुठीचा प्लॅस्टिकचा कॅन घ्यावा. मूठ शाबूत ठेवून समोरची बाजू कापावी, चेंडू घातलेला हात आत-बाहेर होईल इतकी. कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावावी, नाहीतर खेळाडूचं बोट कापतं आणि बॉस्टनचा वीस लाखांचा ऐवज आपल्या कॅनमुळे जायबंदी होतो. मुठीला दोरी बांधावी; पंधरा फूट पुरे. सुतळी नको, ती पिळा खाते आणि कॅन भोवऱ्यासारखा फिरतो. आत चेंडू आणि पेन. चेंडू १४५ ग्रॅमच्या आसपास असतो, तेवढ्या वजनाने कॅन वाऱ्यात उडत नाही. नुसतं कार्ड सही करायला सोडलंत तर तळाशी वजनाला काहीतरी लागतंच. पेन साधं बॉलपेन. मार्करची शाई चेंडूच्या कातड्यात पसरते आणि वर्षभराने सहीचा निळा डाग उरतो. पेनालाही वेगळा दोरा बांधावा, कारण सही करून खेळाडू चेंडू परत ठेवतो, पेन सवयीने खिशात घालतो. दोऱ्या एकमेकींत गुंतण्याचं भय सर्वात मोठं, म्हणून कॅन बाहेरून रंगवावा, आपला कोणता ते कळतं. आणि खेळाडू दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळत असतात, तेव्हा वर ओढलेल्या भांड्यात नुसती टरफलं निघाली तर राग मानू नये. सही मिळाली तरी ती कुणाची हे वाचता येत नाही, तो प्रश्न निराळा.

आता मॅकॉयवरच्या एका लांबलेल्या रात्रीबद्दल. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग, प्रत्येकीत दोन्ही संघांची एकेकदा फलंदाजी. बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत पुढे. अनिर्णित ही सोय तिथे नाही. शनिवार, १८ एप्रिल १९८१, पाहुणे रॉचेस्टर रेड विंग्ज. दिवे बिघडल्याने सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला. प्रेक्षक १,७४०. थंडी कडाक्याची आणि वारा उलटा, म्हणजे सीमेपार जायच्या बेताने मारलेला चेंडू निमूटपणे परत मैदानात. सातव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरची एक धाव झाली, नवव्यात पॉटकेटने बरोबरी केली. तिथून पुढे दोन्ही संघ एकमेकांना शून्य देत बसले. एकविसाव्यात रॉचेस्टरने एकदाची धाव काढली. आता घरी जाता येईल, तोच पॉटकेटच्या वेड बॉग्जने डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, मारून पुन्हा बरोबरी केली. आपले सहकारी मिठी मारणार की थोबाडीत देणार हे आपल्याला कळेना, असं त्याने नंतर सांगितलं. मी बाकावर असतो तर माझं मत दुसऱ्या बाजूला पडलं असतं.

रात्री १२:५० नंतर नवी इनिंग सुरू करायची नाही असा लीगचा नियम होता. पण अम्पायरांच्या हाती असलेल्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत तो छापायचाच राहून गेला होता. पुस्तिकेत नाही म्हणजे नाही, असं म्हणून अम्पायर खेळवत राहिले. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. खेळाडूंनी मोडक्या बॅटी पेटवून शेक घेतला. रॉचेस्टरचा कॅचर डेव्ह हपर्ट ३१ इनिंग उकिडवा बसला. डॅलस विल्यम्सच्या खात्यात फलंदाजीच्या तेरा संधी लागल्या आणि तेराही हिटशिवाय, म्हणजे बेस गाठून देणाऱ्या फटक्याशिवाय, गेल्या. पॉटकेटचा पिचर लुईस अपॉन्टे आपलं काम संपवून पहाटे घरी पोचला, तर बायको दार उघडेना. इतका वेळ बेसबॉल खेळत होतो हे कारण तिला पटलं नाही, आणि मला तिचंच बरोबर वाटतं.

अखेर लीगचे अध्यक्ष हॅरल्ड कूपर फोनवर सापडले आणि त्यांनी सामना थांबवायला लावला. तेव्हा पहाटेचे ४ वाजून ७ मिनिटं झाली होती, ईस्टरचा रविवार उजाडत होता, ३२ इनिंग संपल्या होत्या, धावा २–२. प्रेक्षक उरले होते १९. त्यांना बक्षीस म्हणून पास दिले गेले, म्हणजे आणखी सामने बघायची शिक्षा.

उरलेला सामना २३ जूनला. तेव्हा मोठ्या लीगच्या खेळाडूंचा संप चालू होता, त्यामुळे देशभरचे रिकामे पत्रकार पॉटकेटला लोटले. प्रेक्षक ५,७४६. आणि खेळ किती? एक इनिंग, १८ मिनिटं. डेव्ह कोझाने हिट मारला, मार्टी बॅरेटने धाव पूर्ण केली, ३–२. एकूण ८ तास २५ मिनिटं, ३३ इनिंग; व्यावसायिक बेसबॉलमधला हा सर्वात लांब सामना. बॉग्ज पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला, समोरच्या संघातला कॅल रिपकन ज्युनियरही गेला. सामना जिंकून देणारा कोझा मोठ्या लीगमध्ये एकदाही खेळला नाही. २०१८ पासून मायनर लीगमध्ये जादा इनिंग सुरू करतानाच दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या अर्ध्या वाटेवर, फुकटचा धावपटू उभा करतात, त्यामुळे पॉटकेटच्या विक्रमाला आता कुणी हात लावेल असं वाटत नाही.

माँडोर २०१० मध्ये गेले, २०१५ मध्ये संघ विकला गेला. नव्या मालकांना आधी राज्याची राजधानी प्रॉव्हिडन्सच्या नदीकाठी स्टेडियम हवं होतं, मग पॉटकेटमध्येच नवं हवं होतं, आणि दोन्हीकडे जनतेचा पैसा हवा होता. राज्यात घासाघीस चालू असतानाच, ऑगस्ट २०१८ मध्ये, संघ चाळीस मैलांवरच्या, शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टरला जाणार असं जाहीर झालं. निरोपाचा हंगाम २०२० चा ठरला होता; तो कोरोनाने खाल्ला. त्या उन्हाळ्यात मॅकॉयवर बॉस्टनच्या राखीव खेळाडूंचा बिनप्रेक्षकांचा सराव झाला आणि मैदानावर टेबलं मांडून लोकांना जेवायला वाढलं. हॉट डॉग खायला बसायचं आणि खेळ चुकून दिसला तर बघायचा, ही पन्नास वर्षांची पद्धत निदान उघडपणे मान्य झाली.

वुस्टरचं पोलर पार्क २०२१ मध्ये सुरू झालं. श्रूजबरी-वेस्टबरोकडच्या मराठी घरांना ते अगदी जवळ पडतं, आणि भारतातून आई-बाबा आले की एक संध्याकाळ घालवायला उत्तम. स्वेटर न्यावा, जूनमध्येही. बाबा क्रिकेटचे नियम लावतील, लावू द्यावेत. दुकानात संघाची जर्सी मिळते; तिच्या पाठीवर खेळाडूचं नाव घालून घेऊ नये, तो महिनाभरात बॉस्टनला जातो. पॉटकेटचे जुने प्रेक्षक छातीवर गावाचं नावही घेऊ नका म्हणतात.