एक्केचाळीस वाघ

गेल्या रविवारी माझ्या एक्केचाळीस वाघांपैकी एक टेबलाच्या पायाखाली गेला. टेबल टपाल तिकिटांच्या प्रदर्शनातलं, वाघ माझा. मी ‘अहो’ एवढंच म्हणालो, तेही मनात. म्हणून राग अजून उतरलेला नाही.

पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर उजव्या कोपऱ्यात वाघाचं तोंड छापलेलं असायचं. तो वाघ. मी पाचवीत असताना बाईंनी वर्गाला छंद जोपासायला सांगितलं आणि पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून अलगद कसं सोडवायचं तेही शिकवलं. पोस्टकार्डावरचं तिकीट चिकटवलेलं नसतं, छापलेलं असतं, हे सांगायचं राहिलं. त्यामुळे आजोबांचं एक कार्ड दोन तास बादलीत पोहत होतं. वाघ जागचा हलला नाही. आजोबांचं अक्षर मात्र अलगद सुटून पाण्यात उतरलं. मग मी आईची शिवणाची कात्री घेतली.

त्याच महिन्यात आजी गावाहून आली आणि तिला फळीवर कोपरे कापलेल्या कार्डांची चळत दिसली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. ते वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. आजीने चळत बघून भिंतीचा आधार घेतला. “अगं, एकदम इतके कोण गेले?” खुलासा झाल्यावर मला जो मार पडला तो वेगळा विषय आहे. पण अशुभ नको म्हणून उरलेली सगळी कार्डं दुसऱ्या दिवशी बंबात गेली. वाघ तेवढे बिस्किटांच्या डब्यात लपवल्यामुळे वाचले.

डबा परवा माळ्यावर सापडला. नेमका त्याच आठवड्यात, दाते न पाडलेलं एखादं तिकीट लाखांत जातं, असा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता. मी डबा उघडून पाहिलं. एकाही वाघाला दाते नव्हते.

प्रदर्शनात ‘मोफत सल्ला’ अशी पाटी लावलेल्या टेबलामागे पंच्याहत्तरीचे एक काका बसले होते. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, चेहऱ्यावर ‘नाव पुकारलं की या’. त्यांनी एक वाघ उचलला, उजेडासमोर धरला, उलटा केला, नखाने कड खरवडली आणि मग चक्क वास घेतला.

“ग्लुकोजची होती का?”

“काका, याला दाते नाहीत.”

“कसे असतील? कात्री दाते पाडत नाही.” ते शेजारच्या स्वयंसेवकाला दाखवू लागले, मी जणू तिथे नव्हतोच. “हे बघ. मागे गोंद नाही. कागद तिकिटाचा नाही, कार्डाचा आहे, जाड. पाठीवर शाईचं लिखाण. हे तिकीट नव्हे, कट-आऊट.”

कट-आऊट म्हटल्यावर माझ्यापुढे चौकातले हात जोडलेले भावी नगरसेवक उभे राहिले. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला.

“कापलं कोणी?”

“मी. पाचवीत असताना.”

“एकट्याने?”

“हो.”

“कड का नाही सोडली? याच्या मिशा कुठायत?”

खरंच, मिशा नव्हत्या. मला वाटलं आता जबाबावर सही घेतील. पण काका खुर्चीत मागे रेलले आणि १८५४ सालात गेले. त्या साली कलकत्त्यात चार आण्यांचं तिकीट छापलं. लाल अष्टकोनी चौकट, आत निळं राणीचं डोकं. लोकांनी हौसेने चौकटीबरहुकूम आठ बाजूंनी कापलं. ज्याने कंटाळा करून चौकोनी कापलं, त्याच्या तिकिटाला आज कितीतरी जास्त भाव. “वाळवी परवडली,” काका म्हणाले, “हौशी माणूस नको. अहो, आपल्याकडे १ जुलै १८७९ला पाव आण्याचं पहिलं कार्ड निघालं, तेव्हापासून लोक कोपरे कापतायत! कार्ड अख्खं पाहिजे. शिक्का, पत्ता, मजकूर, सगळं.”

“मग याची काही किंमत?”

“डबा चांगला आहे.”

बोलत होते ते बरोबरच असेल. पण त्यांच्याच शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी मुलीचं लग्न मोडल्याचं अख्खं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत तीनशे रुपयांना विकायला होतं. परक्या घरातलं रडणं चालतं, फक्त कोपरे शाबूत हवेत. आणि आमचा वाघ, आमच्या आजोबांचा, त्याला हे वास घेऊन हाकलणार!

तेवढ्यात चहा आला. टेबल डुगडुगत होतं. स्वयंसेवक म्हणाला, “काका, अल्बमवर सांडेल.” काकांनी माझ्यासमोर, माझ्या डब्यातून, एक वाघ चिमट्याने उचलला (चिमट्याने हं, शिस्त म्हणजे शिस्त), त्याची चौपदरी घडी केली आणि वाकून पायाखाली सरकवली. टेबल स्थिर झालं. “पोस्टाचं कार्ड मजबूत,” ते कौतुकाने म्हणाले आणि मलाही अर्धा कप दिला. मी तो प्यायलो, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

घरी येऊन चाळीस वाघ पालथे मांडले. कार्डाचा तिकिटाचा कोपरा म्हणजे पाठीमागून पत्राची सुरुवात, हे इतक्या वर्षांनी लक्षात आलं. ‘चि. अनंत यास अने’. ‘चि. अनंत यास’. ‘पत्रास का’. चाळीस वेळा अर्धवट आशीर्वाद, आणि पत्रास कारण काय ते एकावरही नाही.

बाबांना फोन लावला. आजोबा काय लिहायचे हो पत्रात?

“पैसे पाठव,” बाबा म्हणाले. “दुसरं काय?”