अंधारकोठडी मागण्यापूर्वी घ्यायची काळजी

धुळ्यात पाचकंदीलजवळच्या टपरीवर रोज सकाळी एक भाऊ पेपर उघडतात आणि पहिल्या घोटाबरोबर निकाल देतात, "टाका त्याले अंधारकोठडीमा, जनमभर!" तुम्हीही हेच म्हणत चला. फक्त कायद्याचं पुस्तक उघडू नका, चहाची चव जाते.

भारतीय न्याय संहितेची कलमं ११ आणि १२ (जुन्या दंड संहितेतली ७३, ७४) फारच रडकी आहेत. एकांतवास, म्हणजे भाऊंची अंधारकोठडी, सक्तमजुरी देता येईल अशाच गुन्ह्यात, तोही कोर्टाने फर्मावला तर. शिक्षा कितीही लांब असो, सगळे दिवस मिळून ३ महिन्यांच्या वर नाही. एका दमात १४ दिवस, मग निदान तेवढीच उसंत. शिक्षाच ३ महिन्यांहून मोठी असेल, तर महिन्यातून ७ दिवस. भाऊंच्या 'जनमभर'चा पार भुगा!

फाशीवाल्याला तरी? तेही नाही. १९७८ साली सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं, की दयेचा अर्ज फेटाळला जाईपर्यंत तो कायद्याच्या लेखी 'फाशीचा कैदी'च नव्हे.

हिरमुसू नका. कोठडी तीच ठेवा, पाटी बदला. 'एकांतवास' खोडून 'कैद्याच्या सुरक्षेसाठी' असं लिहा. १४ दिवस शिक्षेचे मोजतात. काळजीचे कोण मोजतो?

संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियम मात्र पाटी वाचत नाहीत. दिवसाचे २२ तास माणसाशी धड बोलणं नाही, म्हणजे एकांतवास. सलग १५ दिवसांपुढे बंदी. दाराखालून ताट सरकवताना शिपाई "घे" म्हणाला, ते बोलण्यात धरत नाहीत. कटकटी लोक!

धुळ्याच्या तुरुंगाने तर १९३२ मध्येच शिस्त बिघडवली. विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी बसून उतरवून घ्यायचे. दोघांना दोन टोकांच्या कोठड्यांत घातलं असतं, तर केवढा कागद वाचला असता!

आता भाऊंचं ऐका. परवा त्यांच्या घरची मंडळी दोन दिवस लग्नाला अमळनेरला गेली. घरात पंखा चालू, टीव्ही चालू, डब्यात भरीत-भाकरी, कडी आतून. दुसऱ्या दिवशी पहाटे टपरीवाला स्टोव्हला पंप मारत होता, तर भाऊ आधीच बाकावर.

"इतल्या लवकर?"

"घर खावाले उठस रे भो," भाऊ म्हणाले, आणि पेपर यायची वाट बघत बसले.