ऑर्डर एअरबसला गेली म्हणून बोइंग वाईट ठरत नाही

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'बोइंगची विमानं पडतात, म्हणून भारतातल्या कंपन्यांनी ती घेणं बंद केलं. सगळ्या ऑर्डरी एअरबसला. बोइंग असेल तर तिकीट रद्द करा.' जालन्याच्या मावशीला लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जायचंय. तिने तिकिटाची प्रिंट माझ्यापुढे धरली. 'बोइंग ७८७' खाली पेनाने दोन रेघा मारलेल्या. "खरं सांग बरं, रद्द करू का?"

'बंद केलं' हे साफ खोटं आहे. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानं मागवली, त्यातली २२० बोइंगची. अकासा एअर या कंपनीकडे तर बोइंगशिवाय दुसरं विमानच नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी बोइंगची '७३७ मॅक्स' जातीची आणखी १५० विमानं मागवली.

राहिली इंडिगो. २०२३ ला पॅरिसच्या प्रदर्शनात तिने एकदम ५०० एअरबस मागवली. पण तिची पहिली १०० विमानांची ऑर्डरही एअरबसलाच होती, २००५ मध्ये, मॅक्सचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी. आपण ट्रॅक्टर घेताना त्याचा मेकॅनिक तालुक्याला आहे का, पार्ट लगेच मिळतात का, हे आधी बघतो. इथेही तेच. एअरबसवर तयार झालेला पायलट थेट बोइंगवर बसू शकत नाही, नव्याने ट्रेनिंग लागतं. दोन्ही ठेवली तर मेकॅनिक, सुटे भाग, सिम्युलेटर, सगळं दुप्पट. त्यात दोन्ही कंपन्यांचे कारखाने पुढची कित्येक वर्षं भरलेले, त्यामुळे लवकरचा नंबर कोण देतो यावरही सौदा ठरतो.

एअरबस घेतलं की घोर मिटला, असंही नाही. गो फर्स्ट या विमान कंपनीकडे सगळी एअरबसच होती. तिसऱ्याच कंपनीची इंजिनं बिघडली, निम्मी विमानं जमिनीवर बसली आणि मे २०२३ मध्ये कंपनी बंद पडली.

बोइंगचा गुन्हा मात्र मी झाकणार नाही. एअरबसने कमी इंधन पिणारं ए३२० निओ बाजारात आणलं, २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने २६० एअरबस मागवली, आणि घाबरलेल्या बोइंगने नवं विमान आखण्याऐवजी जुन्याच ७३७ ला मोठी इंजिनं बसवली; तेच हे मॅक्स. त्यापायी घातलेली एमकॅस प्रणाली एकाच सेन्सरच्या भरवशावर विमानाचं नाक खाली दाबायची, आणि पायलटांना तिच्याबद्दल धड सांगितलंही नव्हतं. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. संताप करायचा तर याचा करा. पण तो दोष मॅक्सचा होता. मावशीचं ७८७ वेगळं विमान. अहमदाबादला पडलं ते ७८७ च, पण प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच बंद झाल्याचं आहे, विमानात दोष सापडल्याचं नाही.

आणि आपल्या संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचं कसं विसरलो? २६ एप्रिल १९९३, मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७. पायलटने नाक उशिरा उचललं, विमान बीड रोडवरच्या कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं. ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत ठपका आला तो पायलटांच्या चुकीवर आणि उड्डाणाच्या वेळी रस्ता चालू ठेवण्यावर.

मावशीला तो दिवस अजून आठवतो. तिने प्रिंटची घडी घालून पासपोर्टमध्ये ठेवली.