चार बोटं वायर

माझ्या टीव्हीची वायर सॉकेटपासून चार बोटं कमी पडली. हातभर कमी पडली असती तर माणूस सरळ हार मानून इलेक्ट्रिशियनला बोलावतो. चार बोटांनी मात्र वाटत राहतं, की जरा ओढली तर पोचेल. मी ओढली. टीव्ही ब्रॅकेटसकट कुरकुरला आणि आतून बायकोचा आवाज आला, "काय पाडलंस?"

ब्रॅकेट ठोकायला आलेला मुलगा हे सगळं आधीच ओळखून होता. त्याने भिंतीला चार भोकं पाडली, ४३ इंची टीव्ही टांगला, वायर सॉकेटच्या दिशेनं धरून पाहिली आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंत मीच रुंद बांधली. "वायरचं तुमचं तुम्ही बघा," म्हणाला आणि कागदावर सही घेऊन गेला.

तात्पुरती सोय म्हणून टीव्हीखाली स्टूल आलं आणि स्टुलावर एक्स्टेन्शन बोर्ड. आमच्या घरात तात्पुरती सोय साधारण दोन दिवाळ्या टिकते. बोर्ड दिसू नये म्हणून आईने त्याच्यापुढे मनी प्लांटची बाटली ठेवली. पाणी आणि वीज शेजारी नांदवू नयेत, हे मी समजावल्यावर तिथे प्लास्टिकची फुलं आली. टीव्हीच्या डाव्या खांद्यापासून उजवीकडच्या स्टुलापर्यंत ती काळी वायर तिरकी लोंबत होती. "मुंज केलीस का रे टीव्हीची?" आईने विचारलं. त्यानंतर मला बातम्या दिसेनात, नुसतं जानवं दिसू लागलं.

एका रविवारी मोजमापाला बसलो. मेजर टेप सापडली नाही, म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली. ती ६० इंची, म्हणजे दीड मीटर. टीव्हीची वायरही दीड मीटर. म्हणजे टेपही चार बोटं कमी पडली.

मग तुकड्यातुकड्याने मोजलं. आडवे १२० सेंटिमीटर, उभे १००. पायथागोरसला स्मरून तिरकं अंतर १५६ आलं आणि शाळेतलं गणित आयुष्यात एकदा तरी उपयोगी पडलं, या आनंदात मी चहा मागितला. चहाबरोबर बायको आली. "वायर तिरकी ठेवणार आहेस? मग खटाटोप कशाला?" खरंच होतं. भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीतून न्यायची तर वायर आधी आडवी, मग उभी. पुण्याच्या पेठांतल्या एकेरी रस्त्यांसारखं. समोर दिसणाऱ्या घरालाही वळसा घालूनच जायचं. झाले २२० सेंटिमीटर. शिवाय पुसायला टीव्ही पुढे ओढायचा, तर थोडी ढील हवी. अडीच मीटर धरले.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी जिन्यातच अडवलं. "जाडातली जाड घे. वायर लांब झाली की तापते." त्यांच्या आवाजात इतका अनुभव होता, की बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत पोचेपर्यंत मला घराला आग लागलेली दिसत होती.

"टीव्हीची वायर द्या. लांब आणि जाड," मी म्हणालो.

"मागची पिन कसली?" दुकानदार. "कॉम्प्युटरची, लॅपटॉपची की टेपरेकॉर्डरची?"

"टीव्हीची," मी.

"जुनी वायर आणलीय?"

"नाही."

"मग टीव्ही आणलाय का?"

मी परत आलो. टीव्हीच्या मागे डोकं जात नाही, हात जातो पण त्याला डोळे नसतात. मोबाइल आत सरकवून अंदाजाने फोटो काढले. पहिल्या फोटोत जाळं, दुसऱ्यात कोळी, तिसऱ्यात पिन. दुकानात फोन लावला. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "आठच्या आकड्यासारखी दिसते का?" मी पाटीवर गिरवलेला आठ आठवला. छपरासारखा, वर टोक, खाली दोन पाय. "अजिबात नाही," मी ठामपणे सांगितलं. बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "काका, इंग्लिश आठ."

होती. इंग्लिश आठ होती. म्हणजे टेपरेकॉर्डरची.

दुसऱ्या खेपेला जाडीचा विषय काढलाच. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "टीव्ही किती वॅटचा?" यावेळी मागच्या स्टिकरचाही फोटो होता: शंभर. "२३० व्होल्टला अर्धा अँपिअरसुद्धा होत नाही. ही पिन अडीच अँपिअरची. पॉइंट सेव्हन फाइव्ह स्क्वेअर एमएम जाडीची वायर भरपूर झाली. गिझर नाही टांगलेला तुम्ही." तयार वायर दीड, तीन आणि पाच मीटरची होती, अडीच कुणी करत नाही. आयएसआयचा शिक्का बघून तीन मीटरची घेतली आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

ती आत जाईना. फिरवली, उलटी केली, देवाचं नाव घेऊन दाबली. शेवटी जुनी आणि नवी शेजारी धरली, तेव्हा दिसलं. जुन्या आठचे दोन्ही गाल गोल होते; नव्याचा एक गाल गोल, एक चौकोनी. गोल-गोल वायर दोन्ही तऱ्हेच्या खाचांत बसते. चौकोनी गालाची मात्र गोल खाचेत बसत नाही. हे ज्ञान मला तिसऱ्या खेपेला, बदलून देताना, मोफत मिळालं.

संध्याकाळी वायर पट्टीतून आडवी गेली, उभी उतरली आणि सॉकेटमध्ये जाऊन बसली. उरलेल्या अर्ध्या मीटरचं सैलसर वेटोळं टीव्हीमागे, कोळ्याच्या शेजारी लावून दिलं. भिंत स्वच्छ. मी स्टूल आणि बोर्ड माळ्यावर टाकले आणि सोफ्यावर मांडी घालून बसलो.

"स्टूल कुठे गेलं?" आई.

"गेलं एकदाचं."

"अरे, माझ्या गोळ्या, चष्मा, सगळं तिथे असायचं. आणि फोन कुठे लावू आता?"

रात्री स्टूल परत आलं, बोर्ड आला, फुलंही आली. बोर्डातून आईच्या चार्जरची वायर निघाली आणि सोफ्याच्या दिशेनं गेली.

"जरा ओढ रे," आई म्हणाली, "चारच बोटं कमी पडतेय."