हॉलच्या पोटात खोली

नाशिकमध्ये कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या परिसरात काही घरमालकांनी एक सोयीस्कर गणित बसवले आहे: वन बीएचकेच्या हॉलमध्ये प्लायचे पार्टिशन ठोकायचे आणि भाडे मात्र टू बीएचकेचे मागायचे. पार्टिशनला माझा विरोध नाही, त्यात केलेल्या कंजुषीला आहे. आवाज अडवायला वजन लागते, आणि विटांच्या भिंतीत असलेले ते वजन 12 मिलिमीटरच्या प्लायमध्ये येणार कुठून? दोन्ही बाजूंना 12.5 मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड लावून मधल्या पोकळीत ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरले आणि फटी नीट बुजवल्या, तर आवाज बराच कमी होतो. पण तेवढा खर्च करायचा कुणी? आमच्या मालकांनी तर पार्टिशन छताच्या दीड फूट खालीच थांबवले आहे, कारण हॉलला पंखा एकच असून त्याचा वारा दोन्हीकडच्या भाडेकरूंनी गुण्यागोविंदाने वाटून घ्यावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. त्या वाऱ्याबरोबर पलीकडचे घोरणे, पहाटेचा गजर आणि फोडणीचा ठसका हेही आम्हाला घरपोच मिळतात. खिडकी अर्थातच पलीकडे गेली. पंख्याचे बटण माझ्याकडे राहिले, त्यामुळे मध्यरात्री थंडी वाजू लागली की शेजारी प्लायवर टकटक करतो आणि सबंध पार्टिशन बिजागऱ्यांसकट थरथरते. एवढे होऊनही भाडेकरारात ठळक अक्षरांत अट आहेच: भिंतीला खिळा ठोकल्यास डिपॉझिटमधून रक्कम कापली जाईल.