खुलासा : ठिपक्यांचं केशरी फूल वेखंडाचं नव्हे

आपल्या गुहागर-दापोलीकडच्या अंगणांत फुलणाऱ्या केशरी, लाल ठिपक्यांच्या फुलाचा फोटो 'हेच खरं वेखंड, मुळी उगाळून बाळगुटीत द्या' अशा मजकुरासह फिरतोय. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य माझं. न्हाणीमागच्या झाडाचा फोटो मीच 'आजीच्या वेळचं वेखंड' म्हणून टाकला होता. गुटीची भर नंतर कुणीतरी घातली, पण मूळ चूक माझी.

हे झाड आयरिस या फुलझाडांच्या गटातलं आहे, शास्त्रीय नाव आयरिस डोमेस्टिका. पानं दोघांचीही तलवारीसारखी, तिथेच फसायला होतं. पण वेखंडाचं पान चुरडलं की उग्र वास बोटांना चिकटून राहतो. आमचं चुरडून पाहिलं, नुसता गवताचा वास. वेखंडाला करंगळीएवढं हिरवट कणीस येतं. याला सहा पाकळ्यांचं फूल. ते दिवसभरच टिकतं आणि मग ओलं फडकं पिळावं तसं पीळ घेऊन मिटतं. बोंड वाळून उकललं की आत काळ्या चकचकीत बियांचा घोस.

तसा या झाडाने मोठमोठ्यांना चकवलंय. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये ते दोन वेगळ्या नावांनी नोंदवलं, त्यातलं एक चक्क ऑर्किड समजून! पुढे बेलमकँडा म्हणून ओळखलं गेलं आणि २००५ मध्ये आयरिसमध्ये आलं.

याची मुळी बाळाला अजिबात देऊ नका. कुणी दिली असेल तर डॉक्टरांना सांगा. जुना मेसेज पुढे पाठवू नका. जिथे पाठवलात तिथे हा टाका.